पिशवीत ट्यूब होती, पंप होता, तरी टेम्पोतून परत यावं लागलं

वाचकाचं पत्र:

दादा, नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहते, शाळेत शिकवते, वय एकोणचाळीस. दोन वर्षांपासून सायकल चालवते. मागच्या डिसेंबरात काटोल रस्त्यावरच्या एका स्पर्धेत पहिल्यांदाच उतरले. कळमेश्वरच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. ट्यूब होती, पंप होता. पस्तीस मिनिटं लागली, पण माझी मी बदलली. दोन किलोमीटर गेले नाही तोच पुन्हा हवा गेली. दुसरी ट्यूब नव्हती. पंक्चरचं सोल्युशन काढलं तर नळीत वाळून खडा झालेलं. शेवटी सायकल टेम्पोत टाकून घरी आले. अजून त्याची लाज वाटते. आता जानेवारीत शंभर किलोमीटरची स्पर्धा आहे. ज्याला विचारावं तो एक नवी वस्तू सांगतो, माझी यादी बावीस वस्तूंवर गेली आहे. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, काहीच नेऊ नका, मी गाडीवर मागेमागे येतो." सायकल 700 × 28 च्या टायरची, 9 स्पीडची (मागे नऊ चक्रं), ब्रेक रिमचे. पिशवीत नेमकं काय ठेवू? आणि जुनी, पंक्चर काढलेली ट्यूब जादा म्हणून चालेल का?

उत्तर:

ताई, रस्त्याच्या कडेला एकटीने मागचं चाक काढलंत, ट्यूब बदललीत, चाक परत बसवलंत. यात लाज कसली? मागच्या चाकाला चेन, गिअर, ब्रेक सगळंच आडवं येतं. वर्षानुवर्षं सायकल चालवणारे कितीतरी जण त्या चाकाला हात लावायला कचरतात. तुमचे हात चालतात हे धरूनच मी पुढचं लिहितोय.

बावीस वस्तूंची यादी जरा बाजूला ठेवा. डिसेंबरातल्या त्या दोन ट्यूब अजून घरात असतील तर आधी त्या शोधा. दोन्हींत थोडी हवा भरा, बादलीत बुडवा, बुडबुडे येतील तिथे पेनाने खूण करा. मग वॉल्व्हला वॉल्व्ह जुळवून दोन्ही ट्यूब शेजारीशेजारी ठेवा. दोन्ही भोकं वॉल्व्हपासून सारख्याच अंतरावर आणि रस्त्याच्या बाजूला असतील, तर पहिल्या वेळी टोचलेली वस्तू टायरमध्येच राहिली होती आणि नव्या ट्यूबलाही तीच टोचली. दुसऱ्या ट्यूबवर एकमेकींना समांतर अशा दोन बारीक चिरा दिसल्या, तर हवा कमी भरली गेली आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. भोक आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप, म्हणजे रिमच्या आतून स्पोकची भोकं झाकणारी पट्टी, सरकलेली आहे आणि उघड्या पडलेल्या स्पोकच्या भोकाची धार ट्यूब खातेय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि रिमटेपचा उपाय तर स्पर्धेआधी घरीच करायचा आहे. पत्रावरून माझा अंदाज पहिल्या कारणाचा आहे.

काटोल रस्त्यावर हे फार होतं. पाऊस सरला की कडेचे सराटे वाळतात, आणि सराटा कसाही पडला तरी त्याचं एक टोक वर असतंच. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरून आतच मोडतो, बाहेरून नुसता काळा ठिपका दिसतो. पण सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे तार. ट्रकचे टायर फुटतात, त्यांतल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे रस्त्याच्या कडेच्या पट्टीत पडून राहतात, आणि आपण सायकलवाले नेमके त्याच पट्टीतून जातो. तो तुकडा टायरच्या रबरात बसला की हवा नसताना आतून हात फिरवला तरी लागत नाही. टायर दोन्ही हातांनी उलटा वाकवला की मगच टोक बाहेर येतं.

माझ्या वडिलांचं नागपूरच्या महाल भागात सायकलचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक पंक्चरची सायकल टेकवून घाईघाईने ट्यूब काढायला लागलं की ते म्हणत, "थांबा, आधी टायर." मग मलमलचं फडकं बोटांना गुंडाळून टायरच्या आतून गोल फिरवायचे. जिथे फडक्याचा धागा अडकला, तिथे ते थांबायचे, टायर वाकवायचे, आणि चिमट्याने ते कुसळ ओढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचे. तोवर घमेल्यातल्या पाण्याला त्यांनी हातही लावलेला नसायचा. लहानपणी मला वाटायचं की ही त्यांची लकब आहे. पुढे स्वतः रस्त्यावर तीनदा तुमच्यासारखाच दुसऱ्या ट्यूबेला मुकलो, तेव्हा ते फडकं मी पिशवीत ठेवायला लागलो. सुती कापडाचा हातभर तुकडा आणि भुवया कोरायचा साधा चिमटा, या दोन वस्तू तुमच्या बावीसमध्ये नसतील असं मी पैजेवर सांगतो. त्या आधी टाका.

आणखी एक सवय लावून घ्या. टायर रिमवर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव वॉल्व्हच्या बरोबर समोर येईल असं बसवायचं. पंक्चर झालेल्या ट्यूबवर भोक सापडलं की वॉल्व्हपासून तेवढंच अंतर टायरवर मोजायचं, अख्खा टायर चाचपत बसावं लागत नाही. पाणी नसेल तर ट्यूबमध्ये हवा भरून ती गालाजवळून फिरवा. गालाच्या कातडीला बारीक झुळूकही कळते.

आता पिशवी. सीटखालची, एक लिटरच्या आतली घ्या. माझी भरलेली पिशवी काट्यावर सहाशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि तुम्हालाही त्याहून जास्त लागू नये.

दोन ट्यूब. एक नव्हे, दोन. शंभर किलोमीटरला दोन पंक्चर होणं अजिबात नवलाचं नाही, तुम्ही ते दोन किलोमीटरच्या अंतरात भोगलंय. डबीवरचे आकडे तुमच्या टायरशी जुळतात का ते पाहा: 700 च्या पुढे 25-32 असं काहीतरी असेल तर तुमची 28 मिलिमीटरची रुंदी त्यात बसते. मग वॉल्व्ह पाहा. टोकाला पितळी स्क्रू असलेला बारीक प्रेस्टा आहे, की मोटरसायकलसारखा जाड श्रेडर? श्रेडरची ट्यूब प्रेस्टाच्या बारीक भोकाच्या रिममध्ये जातच नाही. रिम उंच असेल तर वॉल्व्हही लांब लागतो, नाहीतर पंप पकडायला टोकच उरत नाही.

ट्यूब डबीतून काढा, घडी घाला आणि मुलांच्या जुन्या मोज्यात घाला. हे मी आग्रहाने सांगतोय, कारण माझ्या हाताने मी ते एकदा केलं नव्हतं. अमरावती रस्त्यावर कोंढाळीच्या पुढे पंक्चर झालं, ऐटीत नवीकोरी ट्यूब काढली, बसवली, पंप मारायला लागलो, हवा थांबेच ना. दोन वर्षं ती ट्यूब सीटखाली ॲलन कीच्या (षटकोनी चाव्यांच्या) जुडग्याला घासत होती. प्रत्येक खड्ड्यात थोडी थोडी. घडीच्या कोपऱ्यावर रबर पारदर्शक होईपर्यंत झिजलेलं होतं. ट्यूब नवी असली तरी पिशवीत ती म्हातारी होते. मोज्याचा दुसरा उपयोग असा की चेनला हात घालायच्या आधी तो हातात चढवता येतो.

टायर लिव्हर, म्हणजे टायर रिमवरून उचकटायच्या पट्ट्या, दोन, प्लास्टिकचे. लोखंडी नकोत, रिमवर ओरखडे उठतात आणि घाईत ट्यूब चिमटते.

सोल्युशनची नळी एकदा उघडली की ती स्पर्धेच्या पिशवीत ठेवायची नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीतसुद्धा ती आटते, मग सीटखाली काय होणार? तुमची नळी तशीच गेली. दरवर्षी दिवाळीनंतर नवी नळी, सील न फोडलेली. पॅच चार-पाच आणि बोटाच्या पेराएवढा पॉलिश पेपर. सोल्युशन लावल्यावर ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग पॅच दाबायचा. बहुतेकांचे पॅच सुटतात ते ओल्या सोल्युशनवर घाईने दाबल्यामुळे. स्पर्धेत मात्र पॅच हा तिसरा उपाय समजा: पहिली ट्यूब, दुसरी ट्यूब, आणि मग पॅच.

टायर काचेने फाटला तर ट्यूब त्या चिरेतून फुग्यासारखी बाहेर येते. त्यासाठी टूथपेस्टची रिकामी नळी कापून, धुऊन, दोन बोटं रुंदीचा तुकडा करा आणि कडा गोल करा. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये तो सरकवला की घरापर्यंत निभावतं.

पंप हा वादाचा विषय आहे. तुमच्या यादीत कोणीतरी सीओटूचं (दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडचं) नळकांडं नक्की टाकलं असेल. ते वाईट नाही. 16 ग्रॅमच्या एका नळकांड्यात 28 चा टायर काही सेकंदांत टणक होतो. पण तोंड नीट बसलं नाही आणि वायू बाहेर फुस्स झाला, की संपलं. शिवाय फोडल्यावर धातू इतका गार होतो की बोटांना चटका बसावा, म्हणून ते मोज्यात धरायचं. हा वायू ट्यूबमधून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, तेव्हा घरी आल्यावर तो सोडून हवा भरायची. तुम्ही ते आजवर वापरलेलं नसेल, तर या स्पर्धेत नेऊ नका. छोटा हातपंप न्या, आणि तो तुमच्या वॉल्व्हवर बसतो हे आजच पाहा. त्याने दोनशे-तीनशे झटके मारावे लागतील. मधे दम घ्या, पण अर्धवट टायरवर निघू नका. तसं निघालं की चिमटलेली ट्यूब आलीच.

प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर एक पितळी अडॅप्टर घ्या. सुपारीएवढीही वस्तू नाही, कुठल्याही सायकलच्या दुकानात थोडक्यात मिळते. रस्त्यावर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं नोजल श्रेडरसाठीच असतं, अडॅप्टर लावला की तीच हवा आपल्या चाकात जाते. फक्त कॉम्प्रेसरने भरताना हळू, बारीक टायर क्षणात फुगतो. आपल्या रस्त्यांवरचे हे पंक्चरवाले फार हुशार हाताचे असतात, तुमची ट्यूब ते उत्तम जोडून देतील. पण त्यांच्याकडे नवी ट्यूब मिळेल या भरवशावर राहू नका. त्यांच्याकडची 28 इंची ट्यूब दूधवाल्याच्या सायकलची असते, ज्या चाकाची टायर बसण्याची जागा 635 मिलिमीटर व्यासाची. तुमची 622. आणि रुंदीतही ती तुमच्या टायरला मोठी पडते, आत घड्या पडतात.

ॲलन कीचं एकत्र जुडगं असतं ते घ्या. त्यात 4, 5, 6 हव्यातच, एक स्क्रू ड्रायव्हर आणि चेनची पिन काढायचं हत्यार असावं. मोठा पाना, सुटे नट, तेलाची बाटली, जादा टायर हे सगळं यादीतून काढा.

चेन तुटणं पंक्चरइतकं नेहमीचं नसतं, पण चढावर जोर लावून गिअर बदलताना ती तुटते, आणि तुटली की सायकल ढकलण्याशिवाय गत्यंतर नसतं. क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची सुटी कडी, एक ठेवा. ती 9 स्पीडचीच हवी. 10 किंवा 11 ची लिंक हातात तशीच दिसते, पण तुमच्या चेनवर बसत नाही. लिंक चिकटपट्टीने पंपाला चिकटवा म्हणजे ती हरवत नाही आणि चिकटपट्टीही बरोबर येते. जुनी चेन मिळाली तर तिच्यावर एकदा पिन काढून लिंक घालून बघा.

बाकीचं थोडक्यात सांगतो, कारण याची वेळ क्वचित येते. तीन केबल टाय ठेवा: स्पोक तुटली तर ती शेजारच्या स्पोकला बांधायची, चाक ब्रेकला घासत असेल तर रिम ब्रेकचा छोटा खटका उघडा ठेवून सावकाश पुढे जायचं. मागच्या गिअरची केबल तुटली की चेन सगळ्यात छोट्या चक्रावर जाऊन बसते. तेव्हा डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या यंत्राचा) 'एच' लिहिलेला स्क्रू आत पिळला की ती एक-दोन चक्रं वर थांबते, पाय जरा सुटतात. सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर मागून डोकावून बघा, डिरेलर आत वाकलाय का. वाकला असेल तर मोठ्या चक्रावर गिअर टाकू नका, तो स्पोकमध्ये अडकेल. हातमोज्यांची एक पातळ जोडी, दोनशे रुपये सुट्या नोटांत, आणि एका चिठ्ठीवर तुमचं नाव, रक्तगट, घरचा फोन. झालं.

आता दीर. त्यांचा जीव तुटतो म्हणून ते म्हणतात, ते मनावर घेऊ नका, पण त्यांना तसं येऊ देऊ नका. अनेक स्पर्धांमध्ये बाहेरच्या माणसाची मदत घेतली की स्पर्धकाला बाद धरतात. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत तर 200 किलोमीटर साडेतेरा तासांत स्वतःच्या बळावर पूर्ण करायचे असतात आणि मदतीची गाडी ठरलेल्या थांब्यांखेरीज भेटू शकत नाही. हा नियम किती जुना आणि किती कडक, त्याची एक गोष्ट सांगतो. 1913 साली तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत युजेन क्रिस्तोफ नावाच्या सायकलस्वाराच्या सायकलचा पुढचा फोर्क तूर्माले घाटाच्या उतारावर मोडला. तो सायकल खांद्यावर घेऊन पायी पायथ्याच्या गावातल्या लोहारशाळेत गेला आणि पंचांच्या देखत स्वतःच्या हातांनी फोर्क सांधला. तरी त्याला दंड झालाच, कारण भात्याची दांडी एका पोराने ओढली होती. तुमच्या स्पर्धेचं नियमपत्रक आधी वाचा, 'मदत' या शब्दाखाली काय लिहिलंय ते बघा, शंका असेल तर आयोजकांना फोन करा.

दिरांना मात्र काम द्या, खरंखुरं. सुरुवातीच्या जागी मोठी पिशवी त्यांच्याकडे राहू दे: उभा पंप, आणखी एक ट्यूब, चेनचं तेल, फडकी, ॲलन कीचा पूर्ण संच, छातीवरच्या क्रमांकासाठी सेफ्टी पिना. सकाळी सहाला हात गारठलेले असतात, तेव्हा टायरची हवा तपासून देणारा घरचा माणूस शेजारी असला की फार बरं वाटतं. स्पर्धा सुरू झाली की त्यांनी शेवटच्या जागेवर थांबायचं.

शेवटी सराव, आणि याच्यासाठी मला तुमचे चार रविवार हवेत. पहिल्या रविवारी अंगणात, अडचणी आल्या तर येऊ द्या. मागचं चाक काढण्याआधी गिअर सगळ्यात छोट्या चक्रावर आणायचा, ब्रेकचा खटका उघडायचा, मग चाकाचा दांडा सोडायचा. सायकल नेहमी डाव्या बाजूला टेकवायची, चेनच्या बाजूला नाही. ट्यूब आत घालण्याआधी दोन-तीन झटके हवा भरा, म्हणजे ती पीळ न पडता गोल बसते. टायरची शेवटची कड लिव्हरने नव्हे, अंगठ्यांनी चढवा आणि वॉल्व्हपाशी संपवा. घट्ट वाटली तर समोरच्या बाजूने टायर रिमच्या मधल्या खोबणीत दाबत दाबत या, इकडे ढील मिळते. हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी बघा, ट्यूब कडेखाली अडकलेली दिसायला नको.

दुसऱ्या रविवारी तेच, पण पिशवीतल्याच वस्तूंनी. घरातला पंप नाही, टेबलावरची कात्री नाही. या रविवारी तुम्हाला कळेल की कुठली वस्तू तळाशी गेली आणि ती वर हवी होती. तिसऱ्या रविवारी पहाटे, थंडीत, फुटाळा तलावापाशी किंवा तुमच्या घराजवळ मोकळी जागा असेल तिथे. चौथ्या रविवारी घड्याळ लावा. पस्तीसची वीस मिनिटं झाली तरी पुष्कळ. रस्त्यावर हे सगळं करताना डांबर सोडून पूर्ण आत जायचं, कडेच्या पांढऱ्या पट्टीवर बसून नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. जुनी, पंक्चर काढलेली ट्यूब जादा म्हणून खुशाल न्या, पण दुसरी ट्यूब म्हणून, पहिली नवीच हवी. तिचा पॅच घरीच, घाई न करता लावलेला असावा, वॉल्व्हच्या मुळाशी चीर नसावी, आणि पॅचवर पॅच नसावा. स्पर्धेच्या दोन दिवस आधी तिच्यात हवा भरा, टायरमध्ये न घालता, मनगटाएवढी फुगेल इतपतच, आणि रात्रभर खुंटीला टांगून ठेवा. सकाळी तेवढीच टणक असेल तर हवा काढून, थोडी टाल्कम पावडर लावून, मोज्यात घाला.